दहावी होईपर्यंत बिऱ्हाड हलवू नका

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे लग्न होऊन पंधरा वर्षे झाली. माझे पती क्वालिटी इंजिनिअर आहेत. कुपवाड, चाकण, सातपूर, रांजणगाव, वाळूज आणि आता सातारा अशा त्यांच्या सहा नोकऱ्या आणि आमची आठ भाड्याची घरे झाली. एकाही ठिकाणी ते तीन वर्षांच्या पुढे टिकले नाहीत. दोन वर्षे होत आली की वरिष्ठांशी खटके उडू लागतात. मी लॅब टेक्निशियन आहे. प्रत्येक गावात नवी लॅब शोधायची आणि हात बसला की राजीनामा द्यायचा, असे चालले आहे. सध्या मला अठरा हजार रुपये मिळतात. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे आणि ही त्याची चौथी शाळा. तो मुळातच अबोल आहे. साताऱ्यात अडीच वर्षे काढल्यावर आत्ता कुठे त्याला दोन मित्र मिळाले आहेत. आता यांना तमिळनाडूतल्या होसूरहून बोलावणे आले आहे. महिना पंधरा हजारांची वाढ आहे आणि जूनपूर्वी रुजू व्हायचे आहे. ‘उडी मारल्याशिवाय पगार वाढत नाही, आणि मुले कुठेही रुळतात,’ असे ते म्हणतात. यंदा वह्यांना कव्हरे घालताना मी पाहिले, तर मुलाने लेबलवर नाव आणि इयत्ता पेनाने लिहिली होती आणि शाळेचे नाव पेन्सिलीने. विचारले तर म्हणाला, ‘असू दे, खोडता येईल.’ माझे माहेर खानापूर तालुक्यातले. आमच्याकडची निम्मी माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत, त्यामुळे गाव सोडण्याची मला भीती नाही. तरीही या वेळी मन तयार होत नाही. माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे चुकत नाही. उत्तर लांबणार आहे, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकते: मुलाची दहावी होईपर्यंत तुम्ही साताऱ्यातले बिऱ्हाड हलवू नये. तुमच्या पतींनी होसूरची नोकरी घ्यावी की नाही, हा त्यानंतरचा आणि वेगळा प्रश्न आहे. गेल्या पंधरा वर्षांत तुमच्या घरात हे दोन्ही प्रश्न एकच मानले गेले. नोकरी बदलायचे ठरले की सामान बांधायला घ्यायचे, हे इतके गृहीत धरले गेले की घराबद्दल स्वतंत्र बोलणे कधी झालेच नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. ते बोलणे आता व्हायला हवे आणि ते हिशेबाच्या व मुलाच्या वयाच्या आधाराने व्हावे, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

गलाईचा उल्लेख तुम्ही केलात, हे बरे झाले. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आली आहेत आणि देशाच्या कोणत्याही टोकाच्या सराफ बाजारात गेलात तरी आपल्या बोलीतला एखादा शब्द कानावर पडतो. शेजारच्या माणदेशातले मेंढपाळ तर वर्षातले कित्येक महिने मेंढरांमागे चालत असतात. त्यामुळे ठिकाण बदलणे हा आपल्या भागात कधी दोष मानला गेला नाही आणि मीही तो मानत नाही. मात्र गलाईवाला नव्या शहरात उतरतो, तेव्हा तेथे त्याचा चुलता, मेहुणा, नाही तर गावचाच कोणीतरी आधीपासून बसलेला असतो. सुरुवातीला तो त्याच्याच दुकानात काम शिकतो आणि त्याच्याच घरी जेवतो. गावाकडचे घर मोडले जात नाही, उलट पहिली चांगली कमाई त्या घराच्या बांधकामावरच खर्च होते. जत्रेला आणि लग्नकार्याला सगळे परत येतात. आणि पुष्कळ घरांतली मुले आजी-आजोबांपाशी राहून गावच्याच शाळेत शिकतात. आईवडिलांवाचून वाढलेल्या त्या मुलांनी त्याची किंमत मोजली, हे मी नाकारत नाही. परंतु एक गोष्ट बदलताना बाकीच्या चार जागच्या जागी ठेवण्याची समज त्या व्यवस्थेत होती. तुमच्याकडे नोकरी, घर, शाळा, शेजार आणि तुमचे स्वतःचे काम हे सारे एकाच आठवड्यात बदलते, आणि नव्या गावात दाराची कडी वाजवून चौकशी करणारे ओळखीचे माणूसही नसते. तुम्हाला वाटणारी धास्ती गाव सोडण्याची नाही; सगळे एकदम सोडण्याची आहे.

अमेरिकेतील थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ बदलांची एक यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक बदलाशी जुळवून घेण्यासाठी माणसाला किती ताण सोसावा लागतो, त्याचे गुण ठरवले. जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक, म्हणजे १०० गुण आहेत. घर बदलण्याला २०, शाळा बदलण्याला २०, राहणीमान बदलण्याला २५, सामाजिक उठबस बदलण्याला १८ आणि जोडीदाराने काम सुरू करण्याला किंवा सोडण्याला २६. सुटे सुटे पाहिले तर यातले काहीच फार मोठे नाही. मात्र तुमच्या घरात हे पाचही बदल एकाच वेळी होतात आणि त्यांची बेरीज १०९ भरते. अशा बेरजांचा अर्थ शब्दशः घेऊ नये आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतले आकडे आजच्या साताऱ्याला जसेच्या तसे लावू नयेत, हे मान्य. तरीही ‘नुसते घर तर बदलायचे आहे’ या वाक्यात नेमके काय दडलेले असते, ते या यादीमुळे डोळ्यांसमोर येते.

आता पैशांचा हिशेब पाहू, कारण तुमच्या पतींचा मुख्य मुद्दा तोच आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेल्या माणसाचा पगार रडतखडत वाढतो आणि बाहेरून आलेल्याला त्याच कामाचे जास्त पैसे दिले जातात, हे त्यांचे निरीक्षण खरे आहे. परंतु होसूरची वाढ पंधरा हजारांची आहे आणि तुमचे अठरा हजार जाणार आहेत. म्हणजे जाण्याचा खर्च, नव्या घराची अनामत, दलाली, शाळेची प्रवेश फी आणि गणवेश धरण्यापूर्वीच कुटुंब महिन्याला तीन हजारांनी खाली आलेले असेल. होसूरला तुम्हालाही काम मिळेलच की, असे ते म्हणतील. मिळेलही, पण तमिळ न बोलता येणाऱ्या टेक्निशियनला रुग्णांशी बोलण्याचे काम असलेल्या लॅबमध्ये ते किती दिवसांनी आणि किती पगारावर मिळेल, याचा अंदाज आधी घ्यावा आणि मग तो आकडा हिशेबात धरावा. आजवर प्रत्येक बदलाचा फायदा त्यांच्या पगारपत्रकावर दिसला आणि तोटा तुमच्या राजीनाम्यात गेला, म्हणून तो कधी कोणी मोजला नाही. पंधरा वर्षे सलग एका रुग्णालयात काम केले असते, तर आज तुम्ही कोणत्या पदावर असता, हा प्रश्न घरात एकदा तरी मोठ्याने विचारला जावा, असे मला मनापासून वाटते.

पतींच्या स्वतःच्या खात्यातही काही न दिसणारे तोटे आहेत. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, कायमस्वरूपी नोकरदाराला एकाच ठिकाणी सलग पाच वर्षांची सेवा झाल्यावर मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांचा नियम वेगळा आहे. हिशेबाची रीत अशी, की शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. ही बेरीज ४०,००० रुपये असेल, तर पाच वर्षांचे साधारण १,१५,००० रुपये होतात. सहा नोकऱ्यांत तीन वर्षांच्या पुढे कोठेच न टिकल्यामुळे तुमच्या घरात ही रक्कम आजवर शून्य आहे. पाचव्या वर्षाच्या अलीकडे नोकरी सोडणाऱ्याने नव्या पगाराशी तुलना करताना ती धरायला हवी, आणि ती सहसा कोणी धरत नाही.

याहून महत्त्वाचा विषय भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा आहे. तुमच्या पतींच्या पहिल्या दोन नोकऱ्या, कुपवाडची आणि बहुधा चाकणचीही, यूएएन (सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच असा पीएफचा क्रमांक) सुरू होण्याच्या, म्हणजे २०१४ च्या आधीच्या काळातल्या असाव्यात. त्या वेळी प्रत्येक कंपनीत वेगळे खाते निघत असे आणि नोकरी सोडताना ते एक तर मोडले जाई, नाही तर तसेच पडून राही. निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनचा हक्क मिळण्यासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. ती वेगवेगळ्या कंपन्यांतली असली तरी चालते, पण खाते पुढच्या नोकरीत वर्ग केलेले हवे. मधल्या काळात १० सी अर्ज भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील, तर तेवढी सेवा हिशेबातून बाद होते. पाच वर्षांची सलग सेवा होण्यापूर्वी निधी काढला, तर त्यावर प्राप्तिकरही लागतो. म्हणून पीएफचे पासबुक उघडून एका यूएएनखाली किती मेंबर आयडी (प्रत्येक कंपनीतल्या खात्याचे क्रमांक) दिसतात, प्रत्येकापुढे नोकरी सोडल्याची तारीख भरलेली आहे का आणि नावाचे स्पेलिंग व जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे का, हे तपासा. सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने भरली नसेल, तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटल्यावर ती कर्मचाऱ्याला स्वतः पोर्टलवर नोंदवता येते. हे काम नोकरी बदला अथवा न बदला, करायचेच आहे.

आता मुलाबद्दल. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्राचा गाभा हाच आहे.

‘मुले कुठेही रुळतात’ हे वाक्य पाच-सहा वर्षांच्या मुलाबद्दल बरेचसे खरे असते. त्या वयात आई, बाबा, आजी आणि ओळखीचे अंथरूण एवढे सोबत आले की मुलाचे जग सोबत येते. बारा-तेराव्या वर्षी तसे राहत नाही. या वयात मुलाची स्वतःची ओळख घराबाहेर घडू लागते. कोणाच्या डब्यात हात घालायचा, खेळात त्याला कितवा घेतात, कोणते सर त्याला नावाने हाक मारतात, चूक झाली तर कोण सांभाळून घेते, अशा बारीकसारीक गोष्टींतून वर्गात त्याची एक जागा तयार होते. ही जागा बदलून मिळत नाही, दर वेळी पहिल्यापासून कमवावी लागते, आणि अबोल मुलाला ती कमवायला अधिक काळ लागतो. तुमच्या मुलाला अडीच वर्षे लागली. ती मुदत संपून जागा हाती आली आणि त्याच वेळी ती सोडण्याचे घाटते आहे.

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या पत्त्यातला बदल सरकारी नोंदवहीत टिपला जातो, त्यामुळे तेथे या विषयाचा फार मोठ्या प्रमाणावर अभ्यास करता आला. १९७१ ते १९९७ या काळात तेथे जन्मलेल्या १४ लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की बालपणी वारंवार घर बदललेल्यांमध्ये पुढे मानसिक आजार, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण वाढलेले होते आणि ही वाढ बारा ते चौदा या वयात घर बदललेल्यांमध्ये सर्वांत ठळक होती. आईवडिलांची आर्थिक स्थिती चांगली असली तरी हा संबंध पुसला गेला नाही. १९८२ ते २००३ दरम्यान जन्मलेल्यांचा तेथलाच दुसरा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात दहा ते पंधरा या वयात एकापेक्षा जास्त वेळा घर बदललेल्यांना मोठेपणी नैराश्य येण्याची शक्यता, घर न बदललेल्यांपेक्षा ६१ टक्क्यांनी अधिक आढळली. अमेरिकेत ७,१०८ प्रौढांचा दहा वर्षे मागोवा घेऊन २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष तुमच्या मुलाच्या स्वभावाशी जवळचा आहे: लहानपणी जितक्या वेळा घर बदलले, तितके पुढच्या आयुष्यातले समाधान आणि जिवाभावाची नाती कमी आढळली, आणि हा परिणाम मोकळ्या स्वभावाच्या माणसांत फारसा दिसला नाही, अंतर्मुख माणसांत दिसला.

हे वाचून घाबरू नका. असे अभ्यास लाखो माणसांबद्दल बोलतात, एका मुलाचे भविष्य सांगत नाहीत. ज्या कुटुंबांना सतत घर बदलावे लागते, त्यांच्यात आजारपण, घटस्फोट, बेकारी अशी दुसरी कारणेही असू शकतात आणि ती पूर्णपणे वेगळी काढणे अवघड असते. वारंवार घर बदललेली बहुसंख्य मुले पुढे सुखाने जगतात. पण ‘काही होत नाही’ असे म्हणण्यालाही आता आधार उरलेला नाही, आणि बदलाचे वय निवडणे आपल्या हातात असेल, तर तेरावे-चौदावे वर्ष निवडू नये, एवढे तरी त्यातून निश्चित निघते.

पेन्सिलीने लिहिलेल्या शाळेच्या नावाबद्दल थोडे. तो मुलाचा हट्ट नाही की तक्रार नाही. तो शहाणपणाने वागला आहे. पुढच्या वेळी दुखू नये म्हणून आधीच थोडा लांब उभा राहायला शिकला आहे. ही सवय वरवर पाहता समंजसपणासारखी दिसते, म्हणून घरातले मोठे तिचे कौतुक करतात की पोरगा किती समजूतदार आहे, काही मागत नाही. माणसांत पूर्ण गुंतायचे नाही, हे मात्र तो त्याच वेळी शिकत असतो. तुम्हाला त्या दिवशी जे टोचले ते योग्य ठिकाणी टोचले. त्याला यावर प्रश्न विचारून भंडावू नका. ‘दहावीपर्यंत आपण इथेच आहोत,’ एवढे एक वाक्य त्याच्या वडिलांनी त्याला सांगावे; तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांनी सांगितलेले त्याला जास्त खरे वाटेल, कारण आजवरचे निर्णय त्यांचे होते. आणि सांगितले की ते पाळावे.

शिक्षणाच्या बाजूनेही वेळ अडचणीची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे आणि दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, पण हे संरक्षण आठवीपर्यंतचे आहे. जूनमध्ये तुमचा मुलगा नववीत जाईल. होसूरला राज्य मंडळाचा अभ्यासक्रम सुटणार, बहुधा सीबीएसईची शाळा धरावी लागणार, आणि तेथे दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीतच होते, म्हणजे जुळवून घ्यायला मोकळे असे एकही वर्ष हाताशी राहत नाही. शाळेबाहेर, मैदानावर आणि बसमध्ये बोलली जाणारी भाषा त्याला नवी असेल. शिवाय महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत राज्य कोट्यातून प्रवेश हवा असेल, तर काही अपवाद सोडता दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेली असणे आणि अधिवास प्रमाणपत्र असणे लागते. अभियांत्रिकीलाही उमेदवाराची वर्गवारी ठरवताना या परीक्षा कोठून दिल्या ते पाहिले जाते. मुलगा पुढे काय निवडेल ते आज सांगता येणार नाही, पण दोन वर्षांच्या नोकरीपायी ते दार आत्ताच लावून घेण्याचे कारण मला दिसत नाही.

तुमच्या पतींविषयी मी जपून लिहिते, कारण त्यांची बाजू माझ्यासमोर आलेली नाही. पंधरा वर्षे घर त्यांच्या कमाईवर चालले, आणि नवी कंपनी, नवे साहेब, नव्या ऑडिटचे दडपण त्यांनीही दर वेळी सोसले. परंतु दोन वर्षे होत आली की खटके उडू लागतात, हे तुमचे निरीक्षण मला महत्त्वाचे वाटते. सहा कंपन्यांतले सहाही वरिष्ठ वाईट असतील, अशी शक्यता कमी आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पहिले वर्ष समजून घेण्यात जाते, दुसऱ्या वर्षी माणूस दुरुस्त्या सुचवतो आणि तिसऱ्या वर्षी त्या दुरुस्त्यांचा जाब त्याला विचारला जातो. या क्षेत्रातले आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते. दर वर्षी तपासणी आणि तीन वर्षांनी पूर्ण फेरतपासणी. जो माणूस नेहमी अडीच वर्षांनी निघतो, त्याने हे चक्र एकाच ठिकाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधीच पाहिलेले नसते, आणि विभागप्रमुख नेमताना नेमका तोच अनुभव विचारला जातो. त्यामुळे पगार उडीने वाढत गेला तरी पद तेथेच राहते, आणि पद तेथेच राहिल्याने पुन्हा उडी मारावीशी वाटते. साताऱ्यात अडीच वर्षे झाली आहेत. जेथे ते नेहमी थांबतात त्याच वळणावर ते आज उभे आहेत, आणि या वेळी ते ओलांडून पाहणे त्यांच्या स्वतःच्या हिताचे ठरेल, असे मला वाटते. होसूरचे पत्र हातात असताना सध्याच्या कंपनीत पगाराचे आणि पदाचे स्पष्ट बोलून घेण्याची संधीही आहे. धमकीच्या सुरात न बोलता, ‘मला तीन वर्षे येथे राहायचे आहे, त्याबद्दल तुम्ही काय देऊ शकता,’ असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर मिळते.

आणि साताऱ्यातली नोकरी खरोखरच नकोशी झाली असेल, तर महामार्गाचा विचार करावा. सातारा पुणे–बेंगळुरू महामार्गावर आहे. शिरवळ, खंडाळा, कराड येथे अनेक जण रोज ये-जा करतात. चाकण, भोसरी, कोल्हापूरजवळची शिरोली किंवा कागल येथून दर शनिवारी घरी येता येते. नोकरी बदलूनही घर, शाळा आणि तुमची लॅब जागेवर राहील अशी ही मोठी पट्टी आहे. होसूर सातशे किलोमीटरच्या पुढे आहे.

त्यांनी एकट्याने होसूरला जावे का? हा पर्याय तुमच्या मनात असेलच. आपल्या जिल्ह्यांना तो नवा नाही. साताऱ्याच्या खेड्यापाड्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेली माणसे खोलीवर राहिली आणि घरे बायकांनी व म्हाताऱ्यांनी चालवली. त्या मनिऑर्डरींवर गावे जगली, हे जितके खरे, तितकेच त्या बायकांचे तरुणपण वाट पाहण्यात गेले, हेही खरे आहे. म्हणून मी हा पर्याय सहज सुचवणार नाही. तेराव्या वर्षी मुलाला वडील घरात लागतात. होसूरची खोली, जेवण आणि येण्या-जाण्याचा खर्च वजा जाता पंधरा हजारांतले थोडेच उरेल. सध्याची नोकरी जाण्याच्या बेतात असेल, तरच हा मार्ग धरावा, आणि तोही मुदत ठरवून: दहावीचा निकाल लागेपर्यंत, महिन्यातून किमान दोनदा घरी येण्याच्या बोलीवर आणि रोज रात्री मुलाशी स्वतंत्र बोलण्याच्या नियमावर.

घराबाबत एक गोष्ट तुम्ही स्वतः लगेच करू शकता. आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचाच करायचा, अशी रीत पडली आहे, कारण तेवढ्या मुदतीत नोंदणी लागत नाही असा समज आहे. महाराष्ट्रात तो समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर घरमालकाला विरुद्ध बाजू सिद्ध करता येईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तेव्हा अकरा महिन्यांत अडकून राहण्याचे कारण नाही. घरमालकांशी बोलून तीन वर्षांचा करार मागा, भाड्यातली वार्षिक वाढ त्यातच लिहून घ्या आणि मुदतीपूर्वी घर सोडण्याची नोटीस किती दिवसांची, तेही स्पष्ट करून घ्या. तुमच्या आठ घरांपैकी काही घरे नोकरीमुळे नव्हे, तर करार संपल्यामुळे सुटली असतील, तर ही खबरदारी फार उपयोगी पडेल.

मुलाकडे पुढचे काही महिने लक्ष असू द्या. झोप किंवा भूक बदलली, शाळेच्या वेळी वरचेवर पोट दुखू लागले, त्या दोन मित्रांना तो टाळू लागला, किंवा ‘कशाला काही करायचे’ अशी भाषा आली, तर थांबू नका. ‘टेलि मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि मराठीत बोलणारे समुपदेशक मिळतात. तुम्हालाही झोप लागत नसेल, तर तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

हे उत्तर पतींना वाचायला द्यायचे असेल, तर जेवणे झाल्यावर, मुलगा झोपल्यावर द्या, आणि वाचून होताच निर्णय मागू नका. होसूरला उत्तर देण्याची मुदत जवळ आली असेल, तर आठ-दहा दिवस वाढवून मागा; ज्या कंपनीला माणूस खरोखर हवा असतो, ती तेवढा वेळ देते. तोपर्यंत तुम्ही दोघांनी पीएफचे पासबुक समोर ठेवून सहाही नोकऱ्यांच्या नोंदी तपासा, तुमच्या अठरा हजारांसह घराचा एकत्र हिशेब कागदावर मांडा आणि घरमालकांकडे कराराचा विषय काढा.